बाभळीवरचा फेटा

आधी फुलसिंगमामांचं नाव घेते. पुढं मी किती लिहीन, मधेच कागद फाडून टाकीन का, काही सांगता येत नाही — म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर असू द्या. आज माझ्या डोक्यावर पत्रा का होईना पण छप्पर आहे, लेक शाळेत जाते, लोक मला ताई म्हणतात. हे सगळं त्या माणसानं एका सकाळी तीन वाक्यं बोलली म्हणून. ती तीन वाक्यं माझ्या आईला ठाऊक नाहीत. नवऱ्याला नाहीत. माझ्या तोंडातून ती आजवर कुणाच्याच कानात गेली नाहीत. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही. आणि इथं हैदराबादेत माझ्या आजूबाजूला मराठी वाचणारं कुणी नाही, वही उघडी पडली तरी भीती नाही. भीती मला फार वाटते. लहानपणापासून नाही — त्या सकाळपासून.

माझं शिक्षण आठवी. आठवीसुद्धा पुरी नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तुम्हीच पाहून घ्या.

मी जिथं झाडलोट करते तिथं लेकरं बंदुका चालवतात. खोटं वाटेल, पण खरं आहे. हवेच्या बंदुकीची रेंज आहे, नेमबाजी शिकवतात. दहा-बारा वर्षांची पोरं येतात, आईबाप गाडीतून सोडतात. लांब खोली, पार टोकाला कागदाची लक्ष्यं, आणि भिंतीवर एक लाल दिवा. तो दिवा लागला की कुणीही बंदुकीला हात लावायचा नाही. नळीतून पिवळी दोरी ओवून ठेवायची, म्हणजे आत काही नाही हे लांबून दिसावं. मग शिकवणारे सर स्वतः त्या टोकापर्यंत चालत जातात. सगळीकडं पाहतात. परत येतात. मग दिवा विझतो, आणि सर म्हणतात, मोकळं आहे.

सर चालत जातात आणि परत येतात — एवढ्या वेळात मला झाडू मारता येत नाही. मी उभी राहते. पोरांच्या कानांवर मोठाले कानझाक असतात, खोलीत विहिरीच्या तळाशी असावी तशी शांतता असते, आणि सरांची पाठ लहान लहान होत जाते. त्यांचं डोकं उघडं असतं. मला मात्र दिव्याच्या जागी बाभळीची फांदी दिसायला लागते, आणि फांदीवर लाल फेटा.

परवा एका दोन वेण्यांच्या पोरीनं विचारलं, "आंटी, आप भी चला के देखो ना एक बार."

मी म्हटलं, "नको बाई, मुझे आवाज से डर लगता."

ती इतकी हसली! "अरे आंटी, ये तो टप्प करती है बस!"

टप्प करते, खरं आहे. माझ्या हातून सुटली होती ती टप्प करणारी नव्हती.

आमचं घर साखऱ्याच्या शिवारात, गावाच्या कडेला. आमच्या वावराला लागून मामांचं वावर, आणि त्यांच्या वावरापलीकडं त्यांचा तांडा. नात्यानं मामा नव्हेत. माझे वडील गेले तेव्हा आईच्या बांधावर येऊन उभे राहिले, म्हणाले, "ताई, नांगरटीची काळजी करू नको," आणि त्या दिवसापासून आई त्यांना भाऊ म्हणायला लागली. आई लांबून "जय भीम, भाऊ" म्हणायची, ते "राम राम, ताई" म्हणायचे, आणि कामाचं बोलणं सुरू व्हायचं. त्यांची दोन्ही पोरं बायका घेऊन ऊसतोडीला जायची. मग दिवसभर ते, त्यांची बायको झमकूमामी आणि मधे मी.

मामांकडं ठासणीची बंदूक होती. पिकं राखायला सरकारनं दिलेल्या लायसन्सची, त्यांच्या बापापासून चालत आलेली. रानडुकरं यायची तुरीत, हरभऱ्यात. मामांनी एक डुक्कर कधी पाडलं नाही. "मारायची कशाला," म्हणायचे, "आवाजानंच पळून राहिले त." मला ती बंदूक आवडायची. का आवडायची? काय सांगू. तिचा वास आवडायचा — तेलाचा आणि जळक्या दारूचा. माझा गोफणीचा नेम चांगला होता, कणसांवरची पाखरं मी एका दगडात उठवायचे, म्हणून मामा मला म्हणायचे, "तुझा नेम माह्या दोन्ही पोरांपरीस बराबर हाय." दोनदा त्यांनी मला बंदूक उडवू दिली होती. मागं ते स्वतः उभे, त्यांचा हात माझ्या खांद्याखाली, समोर बांधाची माती. मी सातवीत होते.

आणि त्यांची एक रीत होती. ही रीत नीट ऐका, कारण माझा सगळा गुन्हा हिच्यात आहे.

बार टाकायच्या आधी मामा बंदूक खुंटावर टेकवायचे. डोक्यावरचा फेटा काढून बाभळीच्या फांदीला अडकवायचे. आणि उघड्या डोक्यानं बांधाच्या पलीकडं जायचे. पलीकडून पायवाट होती, बाया गवताला जायच्या, शेरडं असायची. तिथं जाऊन तीनदा हाक द्यायचे — "कोन हाय होऽऽ, बार व्हतोय होऽऽ" — परत यायचे, फेटा डोक्यावर ठेवायचे, आणि मग बंदुकीला टोपी बसवायचे. ठासणीच्या बंदुकीला ती पितळी टोपी बसली तरच ठिणगी पडते, नाहीतर ती नुसतं लाकूड. फेटा फांदीवर म्हणजे माणूस पलीकडं. फेटा डोक्यावर म्हणजे रान मोकळं. त्यांच्या बापानं त्यांना असंच शिकवलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामींना तर आमच्या सगळ्यांहून जास्त, कारण त्या पलीकडच्या वाटेनं यायच्या.

त्या साली निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसन्सच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, पोलीस पाटील घरोघर सांगून जातो. आता ज्याला ठासणीची बंदूक ठाऊक नाही त्याला हे कळायचं नाही — ती एकदा भरली की सहज रिकामी होत नाही. दारू आत, वर चिंध्या, वर छर्रे, सगळं गजानं घट्ट ठासलेलं. भरलेली बंदूक ठाण्यात कोण घेणार? आणि रिकामी करायची म्हणजे उडवायची. मामांनी आदल्या दिवशी मला वाटेत गाठून सांगितलं, "उद्या सकाळी ये. सरकारकडं जायच्या आधी एक बार तुह्या हातानं."

मी हरखून गेले. आईला सांगितलं, शाळेत लवकर बोलावलंय. बंदूक बघायला निघाले असं सांगितलं असतं तर तिनं सोडलं असतं का?

ती सकाळ मला अजून नीट दिसते, आणि तरी ती खरी असेल असं वाटत नाही. धुकं होतं. तूर फुलोऱ्यात आलेली, माझ्यापेक्षा उंच, आणि पिवळी फुलं धुक्यात नुसती तरंगत होती, देठ नसल्यासारखी. चालताना पाय दिसत नव्हते. मामांचा फेटा तेवढा लाल. त्यांनी बंदूक खुंटावर टेकवली, नळी बांधाच्या मातीकडं. फेटा काढला, फांदीला अडकवला. मग खिशातली टोप्यांची डबी काढून माझ्या हातात दिली.

"ही धर. म्या येईस्तोर उघडायची न्हाई."

"व्हय मामा."

ते उघड्या डोक्यानं धुक्यात गेले. डोक्यावर मधोमध टक्कल होतं, तेवढंच काही वेळ दिसत राहिलं. मग तेही नाही.

इथं मी थांबते. इथं मी पुष्कळदा थांबले आहे — भांडी घासताना, बसमध्ये, लेकीची वेणी घालताना. इथवर सगळं ठीक आहे ना? डबी माझ्या मुठीत आहे, फेटा फांदीवर आहे, कुणाला काही झालेलं नाही.

तुरीत काहीतरी हललं.

बांधाकडं नाही, उजव्या हाताला. फुलं हलली, धुकं फाटल्यासारखं झालं, काळं काहीतरी खाली वाकून सरकलं. डुक्कर! मामांनी तीस वर्षांत पाडलं नाही ते. मी डबी उघडली. टोपी बसवली — बोटं थरथरत नव्हती, हे मला आठवतं, अगदी शहाण्यासारखी वागली बोटं. नळी मातीकडून फिरवली. उजवीकडं.

आणि मला आवाज आला.

हे मी कधी स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितलं नाही. बार उडायच्या आधी मला बारीक किणकिण ऐकू आली. मामींच्या हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला घुंगरं. डुकराला कुठं घुंगरं असतात? ऐकलं आणि दाबलं — की दाबलं आणि ऐकलं? आधी काय? इतकी वर्षं मी त्या दोन गोष्टींच्या मधे बोट घालून पाहते आहे, जागाच सापडत नाही. पण किणकिण होती. होती.

मग निळा धूर. खूप निळा. आणि आवाज असा की तो आलाच नाही, सगळा आवाज निघूनच गेला जगातला. धूर खाली बसला तेव्हा मामा माझ्यासमोर होते. ते तुरीत जाऊन आले होते, त्यांच्या धोतराला लाल लागलं होतं. त्यांनी माझ्या हातातून बंदूक घेतली. मला मारलं नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही. फांदीवरचा फेटा काढला आणि डोक्यावर ठेवला. मग ती तीन वाक्यं.

"तू इथं नव्हतीस. दप्तर उचल. शाळंत जा."

मी गेले. विचार करा, मी गेले! मामी तिकडं विव्हळत होत्या, मला ऐकू येत होतं, आणि मी पाठ फिरवून चालत गेले. प्रार्थनेला रांगेत उभी राहिले. पहिल्या तासाला बाईंनी हजेरी घेतली, मी "हजर" म्हटलं. बोटांना दारूचा वास येत होता म्हणून मी हात मांडीखाली घेऊन बसले.

मामी त्या दिवशी वाट सोडून तुरीतून आडव्या येत होत्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. दंडात छर्रे राहिले. मामांनी पोलिसांना सांगितलं, रिकामी करताना माझ्या हातून उडाली. लायसन्स गेलं, बंदूक गेली ती गेलीच, हिंगोलीच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. मामींनी कोर्टात सांगितलं, नवऱ्यानं मुद्दाम केलं नाही. त्यावर ते सुटले.

कोर्टातून सुटले. घरातून नाही.

कारण मामींचा एक प्रश्न होता. त्यांना बार उडाल्याचं दुःख नव्हतं. त्या म्हणायच्या, "तीस वर्सं हाका मारल्या. शेरडासाठी मारल्या, परक्या बायांसाठी मारल्या. त्या दिशी माझ्यासाठी काहून न्हाई मारली?" लोक धावत आले तेव्हा मामांच्या डोक्यावर फेटा होता. म्हणजे काय झालं? म्हणजे रान पाहून न घेता, हाक न देता, माणसानं बार टाकला. घरच्या बाईची एवढीच किंमत. त्या रोज विचारायच्या, आणि मामा गप्प. काय सांगणार होते? हाक मारायलाच निघालो होतो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो — मग बंदुकीपाशी कोण होतं?

मामींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायच्या, ताट सरकवायच्या, बोलायच्या नाहीत. साखऱ्याच्या चहाच्या हॉटेलात मामांची टिंगल व्हायची, मी स्वतः ऐकली आहे, तेल आणायला गेले होते तेव्हा.

"फुलसिंग, तीस वर्सांत डुक्कर एक पडलं न्हाई गड्या, अन् नेम लागला त घरातच!"

"बंदूक सरकारनं नेली, बरं झालं. म्हातारी वाचली."

आणि मामा हसले. "व्हय बाबा," म्हणाले, "डोळ्याला दिसून न्हाई राहिलं आता." मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली — जा, घरी जा.

शाळा कशी सुटली सांगते. लोक समजतात गरिबीनं सुटली. शाळेची वाट तांड्यावरून जायची, आणि मामी ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांच्या हातचं भरतकाम पाहायला लांबून बाया येत, काचा लावून मामी असे टाके घालायच्या. बोटं गेल्यावर अंगठ्यात आणि उरलेल्या बोटात सुई धरून टाका घालायला त्या पुन्हा शिकल्या, पण सुईत दोरा ओवता येईना. मग शाळेत जाणाऱ्या पोरींना हाक मारायच्या, "ए पोरी, येवढी सुई ओवून जा माय." एकदा मला हाक मारली. मी ओवली. त्यांनी डावा हात माझ्या तोंडावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली, माझी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवसापासून मी लांबच्या वाटेनं जायला लागले, काट्याकुट्यातून, आणि पुढं जाणंच सोडलं. आई रडली. मामा समजवायला आले, मी बाजेखाली तोंड लपवलं. मग त्यांनीच आईला सांगितलं की पोरीला तिच्या मावशीकडं हैदराबादला पाठव, इथं ती सुकून जाईल. सेनगावच्या जीपमध्ये मला बसवायला तेच आले होते. "नीट खात जा," एवढंच म्हणाले.

पण तुम्ही म्हणाल, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. व्हय. हेच तर मी स्वतःला म्हणत आले. मोठ्या माणसानं लेकराच्या हातात डबी द्यायलाच नको होती, असंही म्हणून पाहिलं — ज्यानं मला झाकलं त्याच्यावरच दोष ढकलून पाहिला. इथं कामाला लागल्यावर एकदा सरांना विचारलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं करून. सर, खेड्यात कुणी लायसन्सवाल्यानं शेतात लेकराला बंदूक चालवू दिली तर? सर म्हणाले, इथं शिकवणारा असतो, जागा ठरलेली असते, नियम असतात, म्हणून चालतं. शेतात लायसन्स ज्याचं, बंदूक त्यानंच हाताळायची. लेकराच्या हातात दिली तर देणाऱ्याला जास्त भोगावं लागेल. मला त्या दिवशी हलकं वाटलं. म्हणजे मी गप्प राहिले ते मामांच्याच भल्याचं झालं! आठ दिवस मी त्या आनंदात झाडू मारला.

मग कळलं. मला ठाण्यात कुठं सांगायचं होतं? मला मामींना सांगायचं होतं.

आणि ती वेळ आली होती. खरा कबुलीजबाब हा आहे, वरचा सगळा नुसता त्याच्याकडं यायचा रस्ता. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी गावी गेले, तेव्हा मी चोवीस वर्षांची, लेकराची आई. मामी दुपारी आमच्या अंगणात येऊन बसल्या. केस पांढरे झालेले, हातात कापडाची पुरचुंडी, तिला दहा-बारा सुया टोचलेल्या.

"तुझे डोळे चांगले. येवढ्या ओवून दे, म्हयनाभर पुरतीन."

मी ओवायला लागले. त्या माझ्या बोटांकडं पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तू ल्हानपणी त्याच्यासंगं रानात ऱ्हायचीस. खरं सांग. तो दर बाराला हाक मारायचा का न्हाई?"

"मारायचे की मामी. दर बाराला."

"मंग त्या दिशी काहून न्हाई?"

अंगणात आम्ही दोघीच. माझं लेकरू झोपलेलं. कोर्ट संपलेलं, बंदूक गेलेली, मला आता कोण काय करणार होतं? एक वाक्य होतं फक्त. ते हाक मारायलाच निघाले होते, मामी. एवढंच. सुईचं भोक माझ्या डोळ्यासमोर होतं आणि त्यातून मला धुकं दिसत होतं.

मी म्हटलं, "मला काय माहीत मामी. मी शाळेत होते."

त्यांनी ओवलेल्या सुया एकेक करून पुरचुंडीला टोचल्या. मग म्हणाल्या, "व्हय. शाळंत व्हतीस." आणि पुरचुंडी घेऊन उठल्या. बाराच्या बारा सुया मी ओवून दिल्या होत्या. एकही चुकली नाही.

त्या वेळी मला कुणी "दप्तर उचल" म्हटलं नव्हतं. ते माझं मीच.

आता मामा थकले आहेत. फोनवर त्यांना ऐकू कमी येतं, तरी दर खेपेला विचारतात, "जेवलीस का? लेकरू शाळंत जातं का?" मागून मामींच्या बांगड्यांचा आवाज येतो, त्या तिथंच कुठंतरी असतात, आणि दोघांच्या मधे काही बोलणं नसतं. फोन ठेवला की ती किणकिण माझ्या कानात राहते.

मामा, तुमचं माझ्यावर जे आहे ते फेडायचं आहे. एक दिवस मी सेनगावच्या जीपमधून उतरेन आणि आमच्या घरी न जाता थेट तांड्यावर येईन. तुमच्याकडं पाहणार नाही, नाहीतर तुम्ही पुन्हा मान हलवून मला परत पाठवाल. मामींसमोर खाली बसेन आणि त्यांनी विचारायच्या आत सांगेन — फेटा बाभळीवर होता, मामी. मामा उघड्या डोक्यानं तुमच्याकडंच येत होते.